दगडावरचा ओला पंजा

त्या मंगळवारचा विषय निघाला की आजही माझे तळहात घामेजतात. अशा आठवणी लिहिणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या मागे तीस-पस्तीस वर्षांची नोकरी असते. माझ्यामागे फक्त पाच वर्षं आहेत. पाच वर्षं मी पोलीस उपनिरीक्षक होते. मग दुसरी परीक्षा पास होऊन महसूल खात्यात आले. त्या काळात हाताळलेले बरेचसे गुन्हे मी विसरले आहे, हा एक विसरता आला नाही. यातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही, गावाचंही नाही.

आमचं ठाणं जालना जिल्ह्याच्या उत्तरेला होतं. त्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरत येतात. खालून ते डोंगर बुटके आणि उघडे वाटतात. आत शिरलं की घळी, कडे आणि काटेरी झुडपं सुरू होतात. निजामाच्या काळात बैलांवर माल लादून माणसं पलीकडे जायची, त्या वाटा अजून तिथे आहेत. नकाशात त्या नाहीत. गुराख्यांना माहीत आहेत आणि शिकार करणाऱ्यांना.

त्या दिवशी अंगारकी होती. राजूरच्या गणपतीला लोटणाऱ्या गर्दीच्या बंदोबस्तासाठी ठाणेदार साहेब आणि जवळपास सगळे कर्मचारी आदल्या रात्रीच गेले होते. ठाण्यात मी, ठाणे अंमलदार, चार शिपाई आणि बीट जमादार एवढेच उरलो होतो. जमादार निवृत्तीला आलेले होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझा पहिला पंचनामा वाचून ते म्हणाले होते, “मॅडम, हे बराबर हे, पण असं कुणी बोलत न्हाई.” तेव्हापासून मी लिहायचे आणि ते दुरुस्त करून लोकांना वाचून दाखवायचे. बोलायची वेळ आली की तेच बोलायचे. मला ते सोयीचं होतं.

सकाळी साडेसातच्या सुमारास फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, “डोंगरात हरणं मारून राह्यले. एक बार उजाडताना झाला, एक आत्ता. दोन्ही मी माझ्या कानानं ऐकले.” फोन बंद. स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही जीपने निघालो. वन विभागालाही कळवलं.

डोंगराच्या पायथ्याला, जुनी वाट जिथे शेतात उतरते तिथे, दोन माणसं मोटारसायकलला गोणी बांधताना सापडली. एक साठीचे. त्यांच्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करायला ते ठाण्यात यायचे, चहा घेऊन जायचे. गावात सगळे त्यांना नाना म्हणत. दुसरा त्यांचा पुतण्या, तिशीतला. गोणीत चिंकाऱ्याचं कातडं, शिंगं आणि मांस होतं. मांस पळसाच्या पानांत गुंडाळून सुतळीने बांधलेलं होतं.

“किती जण होते?” जमादारांनी विचारलं.

“आम्ही दोघंच,” नाना म्हणाले.

मी पंचनाम्यात लिहिलं : मांसाची पुडकी तीन. लिहिताना पेन थांबलं होतं. दोन माणसं आणि वाटे तीन. जमादारांना दाखवलं तर ते म्हणाले, “तिसरा पाव्हण्याचा असंल, नाही तर कुत्र्याचा. पुढं लिहा.” मी पुढे लिहिलं. मला आणखी एक गोष्ट खटकली होती. नानांसारखा माणूस पकडला गेला की आधी हसतो, मग ओळख सांगतो, मग वर कुणाला तरी फोन लावायला निघतो. नाना यातलं काहीच करत नव्हते. ते सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत होते, सोडत होते आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा डोंगराकडे जात होती. एका हरणासाठी कुणी एवढं घाबरत नाही, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

साडेदहाच्या सुमारास ठाण्याच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. कितीतरी वेळ ती आत यायला तयार नव्हती. मी बाहेर गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, माझ्या मालकाला धरलंय ना तुम्ही? त्याच्यासाठी भाकर आणली.”

“कोण तुमचे मालक?”

तिने नाव सांगितलं. “नानांसंगं गेल्ता पहाटं. नाना अन् पुतण्या ठाण्यात हे असं गावात कळलं. मंग तो बी इथंच असंल.”

मी म्हणाले, “इथे दोघेच आहेत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “असं नका करू मॅडम. धरलाय म्हणा. मारलं असंल तरी चालंल, मी काही म्हणणार न्हाई. पण धरलाय म्हणा.”

नवऱ्याला लॉकअपमध्ये टाकलंय म्हणा, अशी विनवणी करणारी बाई मी पुन्हा कधी पाहिली नाही. तिसरं पुडकं कुणाचं होतं ते कळलं. बार दोन झाले होते आणि हरणाच्या कातड्यावर खूण एकाच बाराची होती, हेही आता डोक्यात आलं.

मी नानांना विचारलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, “आम्ही दोघंच होतो.” पुतण्याने तेच शब्द तसेच्या तसे म्हटले. जमादारांनी आवाज चढवला, धमकावलं. दोघं दगडासारखे बसून राहिले. साहेबांना फोन केला. मागे घंटा आणि गर्दीचा आवाज येत होता. ते ओरडूनच बोलत होते, “सर्च घे! भोंगा ने, शिट्ट्या मारा, नाव पुकारा. जल्दी!”

मिसिंगची नोंद करून निघालो. नाना आणि पुतण्याला सोबत नेऊन पायथ्याच्या गावातल्या शाळेच्या ओट्यावर एका शिपायाच्या ताब्यात बसवलं. ती बाईही आली, भाकरीसकट. ॲम्ब्युलन्स बोलावून ठेवली. तीन शिपाई, जमादार, वनरक्षक, गावातले चार जण आणि मी अशी रांग करून आम्ही वर निघालो. बारा वाजले होते. उन्हाळा तोंडावर आलेला. दगड इतके तापले होते की टेकलेला हात लगेच उचलावा लागायचा. शिकारीच्या जागेवर रक्त होतं. पलीकडच्या घळीत उतारावर झुडपं मोडलेली होती आणि तिथेही रक्त होतं. माणूस नव्हता.

दर पन्नास पावलांवर शिट्टी वाजायची. मग मी भोंग्यातून नाव घ्यायचे, “आम्ही पोलीस आहोत, जिथे असाल तिथून आवाज द्या.” माझाच आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. मला एरवी चार माणसांत मोठ्याने बोलवत नाही. त्या दिवशी मी घसा फुटेस्तोवर ओरडले. काम नीट करते आहे असं मला वाटत होतं.

घळीच्या वरच्या अंगाला खडकातून पाणी झिरपतं. खाली परातीएवढं डबकं साचतं. रांगेच्या पुढे मी एकटीच तिथे पोचले. डबक्याशेजारच्या सपाट दगडावर एका पंजाचा ओला ठसा होता. डाव्या हाताचा, पाच बोटं स्पष्ट. मी बघत उभी राहिले. कडेची बोटं माझ्यासमोर वाळत गेली. एवढ्या उन्हात ओल टिकून टिकून किती टिकणार? एक मिनिट, दोन मिनिटं. म्हणजे तो जिवंत होता आणि आत्ता इथे होता.

मी भोंगा तोंडाला लावला आणि पूर्ण जोर लावून त्याचं नाव घेतलं.

उत्तर आलं नाही. वरच्या बाजूला थोडे दगड घरंगळल्याचा आवाज आला. मागून जमादार ओरडले, “वर हे! चला वर!” शिपाई शिट्ट्या वाजवत धावले. अर्ध्या तासात वाट संपत आली. पुढे चढ आणि त्याच्या वर कडा. माणूस कुठेच नाही. एका दगडावर रक्ताचा ताजा थेंब.

मी त्या थेंबाशी बसले. मला शाळा आठवली. बाईंनी वर्गात मोठ्याने माझं नाव घेतलं की उत्तर येत असूनही मी बाकाखाली पडलेलं काहीतरी शोधायला वाकायचे. नाव जितक्या मोठ्याने घेतलं जाई, तितकी मी खाली जात असे. हा माणूस आम्हाला सापडत नव्हता असं नाही. आमच्यापासून पळत होता. आणि आम्ही त्याला वर वर नेत होतो.

मी सगळ्यांना शिट्ट्या बंद करून होते तिथेच बसायला सांगितलं. जमादार म्हणाले, “मॅडम, साहेबांनी सर्च थांबवायला न्हाई सांगितलं.” मी म्हणाले, “माझ्या नावावर लिहा.” आणि खाली उतरले. दोनदा बसून, घसरत उतरावं लागलं.

शाळेच्या ओट्यावर नाना पाण्याला हात न लावता बसले होते. मी शिपायाला बाजूला पाठवलं आणि त्यांच्यासमोर खाली बसले. काय विचारावं ते सुचेना. म्हणून विचारलं नाही, जे पाहिलं ते सांगितलं.

“नाना, झऱ्यावर दगडाला ओला पंजा होता. मी बघितलं तेव्हा वाळत होता.”

नानांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“जिता हे?”

“तासाभरापूर्वी होता.”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या क्षणी मला कळलं की सकाळपासून ते जिवंत माणूस लपवत नव्हते, मढं लपवत होते. तो मेला असंच ते धरून चालले होते.

मग नानांनीच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. “कोणता पंजा? डावा का उजवा?”

“डावा.”

“मंग उजव्या अंगाला लागलंय. रक्त लाल होतं का काळं?”

“लाल. ताजं.”

“तुम्ही शिट्ट्या मारत रांगेनं गेल्ता ना? इथपोत ऐकू येऊन राह्यलं होतं.” त्यांचा आवाज एकदम चिडका झाला. “हाका घातला तुम्ही मॅडम! आम्ही हरणाला अस्साच घालतो. आरडत जायचं, जनावर वर पळतं. जखमी असंल तर आणखी वर. वर कडा हे. खाली कसा येईल तो?”

“मग कसा येईल?”

नाना ओट्याच्या फरशीकडे बघू लागले. उत्तर दिलं की आपण तिघं होतो हे कबूल होणार, हे त्यांना कळत होतं. ओट्याच्या कडेला ती बाई उभी होती. तिने भाकरीचं फडकं नानांच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाली, “नाना, तुमच्या भरवशावर धाडला होता.”

नाना उठले. “दोन दगड घ्या. गारगोटीचे. खाकी न्हाई चालायची, शिपाई न्हाई चालायचे. ही, मी अन् तुम्हाला यायचं असंल तर तुम्ही.”

जमादार माझ्या मागोमाग उतरून आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. “ताब्यातला आरोपी हे मॅडम. बंदूकवाला. त्या वाटा याला घरच्यासारख्या माहीत. पळाला तर चौकशी तुमच्यावर, माझ्यावर न्हाई.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. शाळेतल्या शिक्षिकेने तिची मोठी ओढणी दिली, ती मी गणवेशावरून गुंडाळली. वर थांबलेल्यांना गप्प दुसऱ्या बाजूने उतरायचा निरोप दिला. दोन शिपाई घोंगडी आणि बांबू घेऊन वळणाखाली लपून राहणार होते. बाकी काहीही माझ्या हातात नव्हतं.

नानांनी धरलेली वाट आम्ही गेलो ती नव्हती. झुडपांखालून एक दगडी पायवाट निघाली, बैलांच्या खुरांनी मधोमध खोलगट झालेली. नाना पुढे, बाई मध्ये, मी मागे. दर वळणावर ते दिसेनासे व्हायचे आणि मी पावलं भराभर उचलायचे. एका वळणावर बाईने तोंडाशी हात नेऊन नाव घ्यायला श्वास घेतला. नानांनी झटकन वळून तिचा हात धरला.

“नाव न्हाई घ्यायचं. डोंगरात आम्ही कुणाचं नाव घेत न्हाई. नाव घेऊन ओरडणारा आपला नसतो, जंगल खात्याचा साहेब असतो.”

मग दोन्ही हातांत दगड घेऊन त्यांनी वाजवले. तीन ठोके, थोडी उसंत, एक ठोका. टणक आवाज घळीत लांब गेला. “शिकार संपली, जागा सोडा, असा याचा अर्थ हे,” ते म्हणाले.

आम्ही थांबलो. काही नाही.

पुढच्या वळणावर पुन्हा. काही नाही. साडेतीन वाजले होते. बाई खाली बसली. मी नानांना म्हणाले, “ऐकू जात नसेल.”

“जातंय,” नाना म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. “सकाळी बी ऐकू गेलतं. मीच वाजवले होते. संपली म्हणून मी दगड वाजवले, तो जागेवरून उठला, अन् तेवढ्यात मला झाडी हललेली दिसली. मला वाटलं दुसरं हरीण. मी बार टाकला.” त्यांनी दगडांकडे पाहिलं. “याच आवाजावर उठला अन् लागलं त्याला. आता कामून उठंल?”

बाईनेही सगळं ऐकलं होतं. तिने मान फिरवली.

नानांनी डोक्याचा पांढरा रुमाल सोडला आणि वाट सोडून चालू लागले. समोर दोन टेकडांच्या मध्ये मोकळी खिंड होती. हाक्याने पळवलेलं जनावर तिथूनच निघतं, आणि बंदूकवाले ती जागा धरून बसतात. तिथे झुडूप नाही, आडोसा नाही. मी अडवायला हवं होतं. पलीकडे उतार होता, जिल्ह्याची हद्द होती. मी जागची हलले नाही.

खिंडीच्या बरोबर मधोमध जाऊन नाना मांडी घालून बसले. रुमाल समोर पसरला. दोन्ही हात वर केले, सावकाश फिरवून मोकळे दाखवले. मग दगड घेतले. तीन, उसंत, एक.

इतका वेळ मी आयुष्यात कधी थांबलेली नाही. घड्याळ पाहिलं असतं तर कदाचित चार मिनिटं भरली असती.

मग वरून, कड्याच्या खालच्या अंगाने, अगदी हलके दोन ठोके आले.

कड्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, करवंदीच्या जाळीमागच्या कपारीत तो होता. उजव्या दंडात आणि मांडीत छर्रे, ओठ फुटलेले, तोंड राखेसारखं. बायकोने सोबत घेतलेलं फडकं सोडून भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून त्याच्या तोंडाशी धरला आणि रागाने म्हणाली, “खा आधी.” नाना लांबच उभे राहिले, जवळ आले नाहीत. शिपायांनी घोंगडीची झोळी करून त्याला उतरवलं. ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा नाना आपणहून जीपमध्ये जाऊन बसले होते.

गुन्हे दाखल झाले. वन्यजीव कायद्याखाली तिघांवर, बंदुकीबद्दल नानांवर वेगळा. परवाना गेला. जखमीला कुणी शोधलं, हे मी जबाबात जसं घडलं तसं लिहिलं. ताब्यातल्या आरोपीला मोकळं सोडल्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला, तोही जसं घडलं तसाच दिला. ठाणेदार साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “सापडला नसता तर?” मग त्यांनी तो फाईलला लावला.

तो वाचला म्हणून ही आठवण मी लिहू शकते. पण ती लिहावीशी वाटली ती त्याच्या जबाबामुळे. आठ दिवसांनी मी जमादारांना घेऊन जबाब घ्यायला दवाखान्यात गेले. साध्या कपड्यांत होते. तो उशीला टेकून बसला होता. एवढ्या हाका मारल्या, ओ का दिली नाही, असं विचारलं. त्याने थोडं हसून माझ्याकडे पाहिलं.

“झऱ्यावर तुम्ही आल्त्या ना मॅडम, तेव्हा मी दहा पावलांवर होतो. जाळीत. तुम्ही माझ्या हाताचा ठसा बघून राह्यल्या होत्या.”

माझं पेन थांबलं.

“पाणी प्यायचं अर्धंच झालं होतं. जीव चाललाय असं वाटत होतं. तुम्ही एकट्या होत्या, गप होत्या. वाकून बघत होत्या. मला वाटलं, ही बाई धरायला आलेली न्हाई. ओ देणार होतो, खरंच. तोंड उघडलं होतं.” तो थांबला. “मंग तुम्ही भोंगा लावला.”

ते वाक्य मी जबाबात घेतलं. जमादारांनी वाचून दाखवलं आणि या वेळी काही दुरुस्त केलं नाही.

पोलीस खात्यात मला सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट सांगितली गेली होती : मॅडम, आवाज वाढवा. त्या दिवशी मी वाढवला, आणि एक माणूस भर उन्हात कड्याच्या दिशेने सरपटत गेला. आता माझ्या कार्यालयात सुनावण्या असतात. शिपाई दारातून पक्षकाराचं नाव पुकारतो. कुणी आत आलं नाही तर फाईलवर ‘गैरहजर’ लिहिण्याआधी मी खुर्चीतून उठते आणि बाहेर जाऊन बघते. बऱ्याचदा तो माणूस तिथेच असतो, भिंतीला टेकून, कागद छातीशी धरून. मी काही न बोलता थोडा वेळ उभी राहते. मग तोच बोलतो.